मागच्या सीटवरचं पोतं

गुरुशांतची बायको महेश्वरी गेल्याची बातमी आली तेव्हा तो टॉवेलांच्या घड्या घालत होता. अक्कलकोट रोडच्या त्या कारखान्यात मागांच्या खडखडाटात फोन ऐकू येत नाही, म्हणून माणसं फोन छातीच्या खिशात ठेवतात. थरथरला की कळतं. त्याचा थरथरला. त्यानं हातातली घडी पुरी केली, गठ्ठ्यावर ठेवली आणि बाहेर येऊन फोन कानाला लावला. मेहुणा सोमशेखर बोलत होता. "दाजी, अक्का पडली," एवढंच म्हणाला आणि पुढं त्याला बोलता येईना. मग कुणा अनोळखी माणसानं फोन घेतला आणि कुठल्या दवाखान्यात यायचं ते सांगितलं. 'लवकर या' असं तो म्हणाला नाही. 'सावकाश या' म्हणाला. त्यावरून गुरुशांतला कळलं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात दोघं बसले होते. एक सोमशेखर, आणि दुसरा तो फोनवरचा माणूस, रामहरी. होटगी रोडच्या मागं एक वस्ती आहे, तिथं या रामहरीचं मंगल कार्यालय आहे. त्याच्या फाटकासमोरच महेश्वरी पडली होती. रामहरीनंच तिला उचलून स्वतःच्या गाडीत घातलं, दवाखान्यात आणलं. त्याचा पांढरा सदरा छातीपासून खाली लाल झाला होता.

झालं होतं ते असं. भाऊबहीण कुंभारीला नात्यातल्या बारशाला गेले होते. परत येताना सोमशेखर मोटारसायकल चालवत होता, महेश्वरी मागं एका बाजूला पाय सोडून बसली होती. मांडीवर हुग्गीचा स्टीलचा डबा. गव्हाची ती गोड खीर गुरुशांतला आवडते म्हणून तिनं मागून घेतली होती, आणि सांडू नये म्हणून डबा दोन्ही हातांनी धरला होता. रामहरीच्या फाटकासमोर स्पीडब्रेकर आहे. त्यावर गाडी उडाली, महेश्वरी मागच्या मागं गेली आणि डोकं रस्त्यावर आपटलं. डबा फडक्यात बांधलेला होता. तो चेपला, पण झाकण उघडलं नाही. दवाखान्यात तो सोमशेखरच्या मांडीवर होता.

"हळू होतो, दाजी," सोमशेखर म्हणाला. "शपथ घेऊन सांगतो, लई हळू होतो."

गुरुशांतनं त्याच्याकडं नीट पाहिलं. सोमशेखरच्या कोपरावर एक पट्टी होती. बाकी अंगावर ओरखडा नव्हता. एवढंच? गुरुशांतच्या मनात आलं. बायको आत पांढऱ्या चादरीखाली, आणि हिच्या भावाच्या कोपराला पट्टी? ती पट्टी त्याच्या डोळ्यांत जी रुतली ती निघाली नाही.

पोलिसांनी विचारलं तेव्हा आमची कुणाविरुद्ध तक्रार नाही, असं त्यानं लिहून दिलं. लोक म्हणाले, मोठ्या मनाचा माणूस. तसं काही नव्हतं. पोलिसांनी सोमशेखरला नेलं असतं, वकिलानं सोडवून आणलं असतं आणि विषय मिटला असता. गुरुशांतला तो मिटायला नको होता. 'माझं चुकलं' हे त्याला सोमशेखरच्या तोंडून ऐकायचं होतं, आणि ते म्हणण्याआधी त्याचे जेवढे हाल होतील तेवढे करायचे होते.

माती झाली, पुढचे विधी झाले. शेवटच्या दिवशी पाहुण्यांसमोर गुरुशांतनं रामहरीचा टोपी-टॉवेल-नारळ देऊन मान केला. टॉवेल साधा नव्हता. परदेशी जाणाऱ्या मालातला होता, काठावर निळी वेल असलेला, गुरुशांतनं स्वतः निवडलेला. तो रामहरीच्या खांद्यावर घालून त्यानं त्याच्या पायांना हात लावला. रामहरी म्हणाला, "अहो, माझ्या दारात घडलं. मी नाही उचलायचं तर कुणी?" दोघांचेही डोळे भरले. सोमशेखर मांडवाच्या कडेला उभा होता. त्याला गुरुशांतनं बसही म्हटलं नाही.

घर रिकामं झाल्यावर एका सोमवारी, कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी, गुरुशांतनं कपाटातून लॅपटॉप काढला. मुलगी काव्या लग्न होऊन पुण्याला गेली तेव्हा तो जुना म्हणून इथंच ठेवून गेली होती. बॅटरी मेलेली, वायर लावली तरच चालायचा. महेश्वरीचा गुडघा दुखायला लागल्यावर सोमशेखरनंच त्यावर तिच्यासाठी मोटारसायकलचा एक खेळ टाकून दिला होता. त्याचं सात रस्त्याजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. भाकऱ्या उरकल्या की महेश्वरी तो खेळ घेऊन बसायची. बघता बघता ती भावाच्याही पुढं गेली.

खेळ दिसायला साधा. पडद्यावर गाडी बाजूनं दिसते. वरचा बाण दाबला की गॅस, खालचा दाबला की ब्रेक. डाव्या-उजव्या बाणानं गाडीवरचा माणूस मागं-पुढं रेलतो. कीबोर्डवरची लांब पट्टी दाबली की गाडी तोंड फिरवते. वाटेतली सगळी लिंबं गोळा करायची आणि शेवटच्या कमानीला चाक टेकवायचं. चाकं कुठंही आपटली तरी चालतात, पण माणसाचं डोकं कशाला लागलं की खेळ संपला. मागं लागणारं कुणी नाही, बंदूक नाही, समोरून येणारी गाडी नाही. पण गाडीला खरं वजन आहे, चाकांखाली खऱ्यासारख्या स्प्रिंगा आहेत. चढावर ती मागं ओढते, उतारावर हातातून सुटते, उडाली की उडाल्या वेगानंच खाली येते. माणूस पडतो तो स्वतःच्या घाईनं पडतो.

गुरुशांत तेव्हा कधी खेळला नव्हता. पण जेवताना ती जे बोलायची ते कानावर पडलेलं होतं. "सगळे काय करतात माहितीय का? चढ दिसला की पिळतात गॅस. मग गाडी जाती उलटी. गॅस म्हणजे काय खेळ न्हवं हो. चढताना पुढं वाकायचं, माथ्यावर गॅस सोडायचा, उतरताना मागं रेलायचं. आणि हवेत असताना ब्रेक दाबायचा न्हाई, गाडी नाक खाली घालती." तो म्हणायचा, "मला काय करायचंय? मी सिटी बसनं जातो." ती हसायची.

आता तो तिच्या त्या बोलण्यावरनं शिकला. पहिल्या दिवशी गाडी जागेवरनं हललीच नाही, नुसती पुढचं चाक वर करून पाठीवर पडत राहिली. हळूहळू बोटं सैल झाली. गॅस दाबून धरायचा नसतो, टिचक्या मारल्यासारखा द्यायचा असतो, हे कळलं. पहिली कमान गाठली तेव्हा 'अगं ए' असं तो स्वयंपाकघराकडं बघून मोठ्यानं म्हणाला, आणि मग उठून पाणी प्यायला.

त्या खेळात स्वतःचा रस्ताही काढता येतो. माउसनं रेघ ओढायची, ती जमीन होते. महेश्वरीनं असे बरेच काढून ठेवले होते. आणि अजून एक सोय होती. गाडीच्या मागच्या सीटवर एक पोतं ठेवता येतं. नुसतं ठेवलेलं, बांधलेलं नाही. ते पडलं तरी खेळ संपतो. ही सोय सापडली तेव्हा गुरुशांतच्या डोक्यात सगळं एकदम जुळलं. त्यानं एक सपाट रस्ता काढला, मध्ये एक उंचवटा काढला, मागं पोतं ठेवलं. त्या जागेवरनं पूर्वी तो गेलेला होता, त्या आठवणीवरनं काढलं. लिंबं ठेवली नाहीत. गोळा करायला काही नव्हतंच.

सोमशेखर दर सोमवारी आईला घेऊन यायचा. सुंदरम्मा म्हातारी, लेक गेली तरी जावयाला भाकरी-आमटी घेऊन यायची. त्या सोमवारी सोमशेखर दारात चप्पल काढतोय तोवर गुरुशांत म्हणाला, "बस हितं."

"काय झालं? लॅपटॉप बिघडला का?"

"बिघडला न्हाई. खेळ."

सोमशेखर खुर्चीवर बसला. पडद्यावरचा रस्ता पाहिला, उंचवटा पाहिला, मागचं पोतं पाहिलं. त्याचा चेहरा उतरला. "दाजी..."

"चहा नंतर. आधी रस्ता पार कर."

त्यानं गॅस दिला. गाडी उंचवट्यावर चढली, पोतं मागं घरंगळलं, खेळ संपला.

"परत," गुरुशांत म्हणाला.

परत पडलं. परत. परत. गुरुशांत खुर्चीमागं उभा राहून बघत होता. "लायसन कुणी दिलं रे तुला? जत्रेत आंबील वाटतात तसं वाटत हुते का?" सोमशेखरनं परत गॅस दिला. "दुकानात लोकांचे कॉम्प्युटर असेच चालवतोस का? आदळत?" सोमशेखरनं मान खाली घातली. गुरुशांतला बरं वाटलं. बायको गेल्यापासून पहिल्यांदा त्याला भूक लागली. त्या दिवशी तो दोन भाकऱ्या जास्त जेवला.

मग ते दर सोमवारचं झालं. सोमशेखर यायचा, सांगायच्या आधी खुर्चीवर बसायचा आणि बहिणीला पाडायचा. तो यायचं का थांबवत नाही, हे गुरुशांतनं कधी स्वतःला विचारलं नाही. पहिल्यांदा सुंदरम्माला कळलंच नाही काय चाललंय. ती म्हणायची, बरं झालं, दोघं एकमेकांशी बोलायला लागले. एकदा तिनं मागं उभं राहून पाहिलं.

"ते मागं काय पडतंय रे, सोमू?"

सोमशेखरनं गाडी परत सुरुवातीला आणली.

गुरुशांत म्हणाला, "विचारा की त्याला. त्यालाच माहिती."

म्हातारीनं पडद्याकडं पाहिलं. गाडी, उंचवटा, मागचं ओझं. मग तिनं पदर तोंडाला लावला. "माझ्या लेकीचं पोतं केलं व्हय वो तुमी?"

"मी न्हाई केलं. तुमच्या लेकानं केलं."

"साकु," ती म्हणाली. "पुरे आता. एक गेली. दुसऱ्याला असं बसवून बसवून मारणार का?" तिनं सोमशेखरचा दंड धरला. "ऊठ. चल घरी."

सोमशेखर उठला नाही. "राहू दे, अव्वा," म्हणाला, आणि परत गॅस दिला.

पुढं एका सोमवारी तो आला तो वेगळा बसला. खुर्ची पुढं ओढली, बोटं बाणांवर नुसती टेकवली. गाडी इतकी हळू नेली की चाकाचा प्रत्येक आरा दिसत होता. उंचवट्याच्या पायथ्याशी जवळजवळ थांबला. पुढं वाकला, गॅसची एक टिचकी, पुढचं चाक वर. माथ्यावर गॅस सोडला. मागं रेलला. मागचं चाक चढलं, पोतं हललं, कडेपर्यंत आलं आणि थांबलं. गाडी उतरली. पोतं सीटवरच होतं. कमानीला चाक टेकलं आणि खेळातनं टिंगटिंग वाजलं.

अक्काची रीत होती ती. दोघांनाही ओळखू आली.

गुरुशांतनं टाळी वाजवली. एकच. "झालं की नाही? निघतं की नाही पार? हळू गेलं की पोतं पडत न्हाई. मग त्या दिवशी का पडलं? सांग आता. हळू होतो म्हणतोस ना? हे बघ हळू. ह्याला म्हणतात हळू!"

त्याला वाटलं, आता येईल ते वाक्य. सोमशेखरचे ओठ हललेही. पण तो म्हणाला, "दाजी, तिथला ब्रेकर असा गोल न्हाई."

"काय?"

"तुमी गोल काढलाय. तिथला असा न्हाई."

"आता ब्रेकरवर ढकल! स्वतःच्या बहिणीला पाडलंस आणि सिमेंटवर ढकल!" गुरुशांत एवढ्या मोठ्यानं ओरडला की सुंदरम्मा स्वयंपाकघरातनं बाहेर आली. "जाऊन बघतो मी. मापून आणतो. मग बघू काय बोलतोस."

दुसऱ्याच दिवशी रजा टाकून तो खरंच गेला. बायको गेल्यापासून त्या रस्त्याला त्यानं पाय लावला नव्हता, रिक्षावाल्यांनाही दुसरीकडनं वळवायचा. शेजाऱ्याची मोटारसायकल मागून घेतली, ढकलत नेली, आणि सकाळच्या उन्हात ब्रेकरला पुढचं चाक टेकवून उभी केली. खिशातला खडू काढून, सिमेंट चाकाला जिथं लागत होतं तिथं टायरवर रेघ मारली. मग गाडी ब्रेकरच्या पलीकडं नेऊन, चाक टेकवून तिथलीही मारली. हे तो सोमशेखरला खोटं पाडायला करत होता. रेघ मारेपर्यंत त्याच्या मनात दुसरं काही नव्हतं.

मग तो मागं सरकला आणि चाकाकडं पाहिलं.

जाताना चढ होता, पण उतार नव्हताच. पलीकडं रस्त्याचं डांबर उखडून गेलं होतं आणि सिमेंटची कड पायरीसारखी सरळ खाली गेली होती. खडूची ती दुसरी रेघ जवळजवळ आसापर्यंत आली होती. पांढरे पट्टे नाहीत, पाटी नाही. वरच्या अंगाला एका बाजूला गाड्यांच्या पोटाचे काळे ओरखडे होते, एकावर एक. हळू गेलं तर गाडीचं पोट त्यावर टेकतं, आणि मागचं चाक पायरीवरनं दणदिशी खाली येतं. जोरात गेलं तर उडतंच.

त्यानं घरी येऊन खेळातल्या रस्त्याची रेघ पुसली आणि नवी काढली. पडद्यावरच्या चाकाला तशाच दोन खुणा धरून. मग स्वतः बसला. जोरात नेली, पोतं उडालं. मध्यम नेली, उडालं. महेश्वरीच्या रीतीनं नेली, पुढं वाकून, टिचकी मारून, माथ्यावर सोडून, मागं रेलून. पुढचं चाक पायरीवरनं खाली गेलं, गाडीचं पोट कडेवर बसलं, क्षणभर सगळं थांबलं. मग मागचं चाक आलं आणि पोतं मागच्या मागं गेलं. त्यानं दिवसभर सगळ्या तऱ्हा करून पाहिल्या. पोतं काढून टाकलं तर गाडी निघायची. पोतं असेल तर नाही. खेळ म्हणजे रस्ता नव्हे, हे त्यालाही कळत होतं. पण ते ओरखडे खेळातले नव्हते.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात त्यानं एका हमालाला विचारलं. तो त्याच वस्तीत राहायचा. "तो ब्रेकर महापालिकेचा का रे?"

"कसला महापालिकेचा! रामहरी अण्णांनी घातलाय. कार्यालयाचं बांधकाम चाललं तवा उरलेल्या मालातनं. स्वतः उभं राहून घातला."

गुरुशांतच्या हातातली घडी वाकडी पडली. त्यानं ती सोडून परत घातली.

पुढच्या सुट्टीला सकाळीच तो लॅपटॉप पिशवीत घालून रामहरीकडं गेला. कार्यालयात लग्न नव्हतं, खुर्च्या एकावर एक रचलेल्या होत्या. रामहरी ऑफिसात बसला होता. गुरुशांतला बघून उठून उभा राहिला. "या, या गुरुशांतराव. चहा सांगतो. कसं काय चाललंय?"

"बरं हाय. जरा इथं वायर लावू का?"

"लावा की. काय आणलंय?"

"खेळ हाय. महेश्वरी खेळायची. तुमी खेळून बघा."

रामहरीला वाटलं, माणसाचं डोकं दुःखानं जरा हललंय. त्याचं मन राखावं म्हणून तो बसला. गुरुशांतनं शांतपणे शिकवलं. हा गॅस, हा ब्रेक, हे मागं-पुढं रेलायचं. मागचं पोतं पडू द्यायचं नाही. बाकी काही नाही.

रामहरीनं पाडलं. हसला. परत पाडलं. "च्यायला!" म्हणाला. चहा आला, तो निवला. रामहरी इरेला पेटला, खुर्ची पुढं ओढली, जीभ दातांत धरली. पोतं पडतच होतं. "अहो, हे होतच नाही! कुणी काढलाय हा रस्ता? ह्याच्यावरनं देवसुद्धा पोतं नेऊ शकणार नाही."

"रस्ता मी काढलाय," गुरुशांत म्हणाला. "ब्रेकर तुमचा हाय."

रामहरीची बोटं बाणांवरच राहिली.

"मापून काढलाय. बाहेर जाऊन बघा, टायरला खडू लावून बघा. फरक निघाला तर मला सांगा."

रामहरीनं लॅपटॉप हळूच पुढं सरकवला. "गुरुशांतराव, पोरं इथनं सुसाट जायची. माझी नातवंडं फाटकात खेळतात. अर्ज करून करून थकलो. शेवटी मी टाकला. चार लोकांच्या भल्यासाठी टाकला."

"फोडा तो."

"बघू."

"बघू न्हाई. उद्या फोडा. मी येतो पहार घेऊन."

"असं कसं? सीझन आहे, रोज लग्नं आहेत. लोक म्हणतील, काहीतरी पाप होतं म्हणून फोडला." मग त्याचा आवाज चढला. "आणि मी काय केलं हो? मी उचललं तुमच्या बायकोला! गाडीच्या सीटचे डाग अजून गेले नाहीत, एक शब्द बोललो का तुम्हाला? इथनं रोज शेकडो गाड्या जातात. सगळे पडतात का? तुमच्या मेव्हण्याला गाडी सावरता आली नाही, त्याला मी काय करू?"

हेच. अगदी हेच वाक्य गुरुशांतनं इतके सोमवार त्या खुर्चीमागं उभं राहून म्हटलं होतं.

त्यानं वायर काढली, गुंडाळली, पिशवीत ठेवली. हात धुवायच्या बेसिनशेजारी खिळ्याला टॉवेल लटकत होता. काठावर निळी वेल. आता मळलेला, हळदीचे डाग पडलेला. गुरुशांतनं तो खिळ्यावरनं काढला. तिथंच उभं राहून त्याची घडी घातली, कारखान्यात घालतो तशी, काठाला काठ लावून.

"अहो, हे काय करता?" रामहरी उठला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. दिलेला मान कुणी परत नेत नाही. हे दोघांनाही ठाऊक होतं. दारात चहाचे कप न्यायला आलेली बाई हे सगळं बघत होती, म्हणजे दुपारपर्यंत वस्तीत कळणार होतं.

"टोपी आणि नारळ ठेवा तुमी," गुरुशांत म्हणाला. "हा आमच्या घरचा हाय."

बाहेर पडताना तो ब्रेकरवरनं मुद्दाम चालत गेला, एकेक पाऊल दाबून. त्याला बरं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण ते घरापर्यंत टिकलं नाही.

संध्याकाळी सोमशेखर आला. सुंदरम्मा आली नव्हती, तिनं खेळ बंद होईपर्यंत यायचं सोडलं होतं. सोमशेखर खुर्चीवर बसला. पडद्यावर नवा रस्ता बघून तो पुढं सरकला. मग बोटानं पडद्यावरची ती पायरी चाचपली.

"गेला होता तुमी?"

"व्हय."

गुरुशांत पुढं बोलणार होता. त्यासाठीच त्यानं रस्ता उघडून ठेवला होता. म्हणायचं होतं, की मी सगळ्या तऱ्हा करून पाहिल्या, होत नाही. पण तेवढ्यात सोमशेखरनं गॅस दिला. हळू नेली, अक्काच्या रीतीनं नेली. पोतं पडलं. त्यानं परत सुरू केलं नाही. हात मांडीवर ठेवले.

"दाजी, तुमी बरोबर हुता," तो म्हणाला. "ब्रेकर दिसला हुता मला. अक्काला म्हणायला पायजे हुतं, उतर जरा, चालत ये. नाहीतर डबा माझ्याकडं दे. कायच म्हणलो न्हाई. माझंच चुकलं."

आलं ते वाक्य. ज्याच्यासाठी गुरुशांतनं रस्ता काढला, दर सोमवारी त्या खुर्चीमागं उभा राहिला, ते वाक्य खोलीत आलं आणि दोघांच्या मध्ये पडून राहिलं. ते घ्यायला गुरुशांतचा हात पुढं जाईना. आणि परत करायलाही जाईना. सोमशेखरला सोडलं तर हातात कोण राहतं? रामहरी? त्यानं तर बायकोला उचललं होतं.

"चहा टाकतो," तो म्हणाला आणि आत गेला.

चहा उकळून वर आला, उतू गेला, त्यानं गॅस बंद केला. बाहेर सोमशेखर डोळे पुसत होता. गुरुशांतनं दोन कप भरून आणले. एक त्याच्यापुढं ठेवला. कोपरावरची पट्टी कधीच गेली होती, तिथं आता एक पांढरा वण होता. दोघं चहा प्याले. जाताना सोमशेखर म्हणाला, "पुढच्या सोमवारी येतो." गुरुशांत म्हणाला, "ये."

टॉवेल धुऊन कपाटात ठेवलाय, चेपलेल्या डब्याशेजारी. पहार आणून दाराआड उभी केलीय. ब्रेकर अजून जागेवर आहे. आणि तुझं काही चुकलं नव्हतं, हे गुरुशांतनं सोमशेखरला अजून सांगितलेलं नाही.